मालदीव: रिसॉर्ट टाळून लोकवस्तीच्या बेटांवर राहण्याविषयी

दर्याकाठ:
नमस्कार. येत्या ऑक्टोबरमध्ये आठवडाभरासाठी मालदीवला जाण्याचा आम्हा पती-पत्नीचा विचार आहे. रिसॉर्टचा खर्च आम्हाला परवडणारा नाही आणि खरे सांगायचे तर चार भिंतींऐवजी चारी बाजूंनी पाणी असलेल्या हॉटेलात कोंडून घेण्याची हौसही नाही. जेथे स्थानिक लोक राहतात, शाळा आणि मशिदी आहेत, अशा बेटांवर गेस्टहाउसमध्ये उतरून पाण्याखालचे जग पाहावे, एवढीच इच्छा आहे. सात दिवसांत चार-पाच बेटे पाहणे जमेल का, बोटींची व्यवस्था कशी असते आणि पत्नी पूर्ण शाकाहारी असल्याने जेवणाचे काय करावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. आम्हा दोघांना बेताचे पोहता येते.

खलाशी:
चार-पाच बेटांचा विचार सोडून द्यावा आणि दोनच निवडावीत, असे मी आग्रहाने सुचवेन. नकाशावर शेजारी दिसणारी दोन बेटे वेगवेगळ्या प्रवाळवलयांत (म्हणजे प्रवाळाच्या कड्यावर वसलेल्या बेटांच्या समूहांत, ‘अ‍ॅटॉल’) असली, तर त्यांच्यामध्ये थेट बोट नसते. बहुतेक वेळा राजधानी मालेला परत येऊन दुसरी बोट धरावी लागते आणि त्यात दिवस जातो. सरकारी फेरीबोटी अत्यंत स्वस्त, परंतु बहुतेक संथ आहेत, रोज सुटतीलच असे नाही आणि शुक्रवारी त्या बहुधा बंद असतात, कारण तेथे शुक्रवार-शनिवार ही साप्ताहिक सुट्टी असते. खासगी स्पीडबोटींचे भाडे त्यांच्या अनेक पट असते, मात्र वेळ वाचतो: मालेहून माफुशी बेटाला फेरीबोटीने सुमारे दीड तास लागतो, तेच अंतर स्पीडबोट अर्ध्या-पाऊण तासात कापते. कोणत्याही बेटावरील खोली नोंदवण्यापूर्वी तेथील बोटीचे वार आणि वेळा गेस्टहाउसकडून लेखी मागवून घ्याव्यात. खोलीचे दर पाहून बेट ठरवणारे बरेच जण नेमके येथेच अडकतात.

आपण ऑक्टोबर म्हणालात, म्हणून पहिले नाव बा प्रवाळवलयातील धरवंधूचे घेतो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात, साधारण मे ते नोव्हेंबर, जवळच्या हनिफारू उपसागरात प्लवकांचे (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचे) दाट थर गोळा होतात आणि ते खाण्यासाठी मांटा रे हे पंखांसारखे कल्ले असलेले प्रचंड मासे मोठ्या संख्येने येतात. हा प्रदेश २०११ पासून युनेस्कोच्या जीवावरण राखीव क्षेत्रांत आहे, त्यामुळे तेथे सिलिंडर लावून डायव्हिंग करण्यास मनाई असून केवळ स्नॉर्केलिंग (तोंडात नळी धरून पृष्ठभागावरूनच पाण्याखाली पाहणे) करता येते, तेही परवानाधारक मार्गदर्शकाबरोबर आणि ठराविक वेळेपुरते. बेताचे पोहणाऱ्यांनी लाइफ जॅकेट घालण्यात कमीपणा मानू नये. धरवंधूला विमानतळ आहे, त्यामुळे समुद्र खवळलेला असला तरी पोहोचण्याचा दुसरा मार्ग उरतो. दुसरे बेट म्हणून दक्षिण आरी प्रवाळवलयातील धिगुरा पाहावे. त्या भागात देवमाशासारखा अजस्र पण निरुपद्रवी व्हेल शार्क वर्षभर आढळतो, अर्थात तो दिसेलच अशी हमी कोणीही देऊ शकत नाही आणि देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

निळाई:
खलाशी यांच्या बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे. तरी प्रथमच जाणाऱ्यांसाठी धिगुराऐवजी माफुशी का सुचवू नये? बोटी सर्वाधिक, सहलींचे दर स्पर्धेमुळे कमी आणि मालेच्या विमानतळाहून अंतर थोडे. १९७२ मध्ये पर्यटन सुरू झाल्यानंतर बराच काळ परदेशी पाहुण्यांना लोकवस्तीपासून दूर, वेगळ्या बेटांवरच ठेवण्याचे धोरण होते. २००९ नंतर वस्तीच्या बेटांवर गेस्टहाउसला परवानगी मिळाली आणि माफुशी त्यात आघाडीवर राहिले.

खलाशी:
सोय आहे, हे मान्य. परंतु माफुशीचा पर्यटकांसाठीचा किनारा आता गेस्टहाउसच्या इमारतींनी इतका भरून गेला आहे की प्रश्नकर्त्यांनी ज्यासाठी रिसॉर्ट टाळले, ते गावपण तेथे शोधावे लागते. अट्टल डायव्हर असते, तर मी दक्षिणेकडचे फुवामुला सुचवले असते. तेथे टायगर शार्क दिसतात आणि बेटावर गोड्या पाण्याची दोन तळीही आहेत. पण विमानभाडे आणि वेळ पाहता एका आठवड्यात ते बसवणे परवडत नाही.

ताईचा_डबा:
मी स्वतः शाकाहारी असल्याने त्या प्रश्नाचे उत्तर देते. मालदीवच्या स्वयंपाकात टूना मासा सर्वव्यापी आहे. सकाळच्या न्याहारीला मास हुनी, म्हणजे टूना, खोबरे, कांदा आणि मिरची यांचे मिश्रण, रोशी नावाच्या पोळीबरोबर खातात. दुपारी गरुधिया हे माशाचे पातळ सार असते. चहाबरोबरच्या तळलेल्या पदार्थांतही बहुधा मासाच भरलेला असतो. भाजी दिसली म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण तिच्यात सुक्या टूनाचा चुरा असू शकतो. गेस्टहाउसला आधी कळवले, तर रोशी, वरण, भात आणि माशाविना भाजी आनंदाने करून देतात, हा माझा अनुभव आहे. थोड्डू बेटावर पपई आणि कलिंगडाची शेती होते, त्यामुळे फळांची अडचण सहसा येत नाही.

पोशाखाविषयी आपण विचारले नाही, तरी सांगते. वस्तीच्या बेटांवर पोहण्याच्या तोकड्या कपड्यांत वावरण्यास मनाई आहे. त्यासाठी पर्यटकांचा वेगळा किनारा राखलेला असतो आणि गावात खांदे व गुडघे झाकलेले असावेत. मद्य या बेटांवर मिळत नाही आणि देशात नेताही येत नाही. प्रवासात देवाची लहान मूर्ती जवळ बाळगण्याची सवय असेल, तर ती घरीच ठेवावी, कारण पूजेच्या मूर्ती आणण्यास तेथील सीमाशुल्क नियमांनुसार बंदी आहे.

दर्याकाठ:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. धरवंधू आणि धिगुरा नक्की करतो. चलनाचे काय करावे आणि शेवटची रात्र धिगुरालाच काढून थेट विमानतळ गाठणे योग्य ठरेल का?

खलाशी:
विमान सायंकाळचे असेल, तरच. सकाळचे असेल, तर आदल्या दिवशीच निघून हुलहुमालेत मुक्काम करावा. भराव घालून उभारलेले हे शहर विमानतळाला रस्त्याने जोडलेले आहे, त्यामुळे बोटीवर अवलंबून राहावे लागत नाही. वारा वाढला की स्पीडबोटी रद्द होतात आणि विमान त्यांच्यासाठी थांबत नाही. तेथील चलन रुफिया आहे. एका अमेरिकी डॉलरला साधारण १५.४२ रुफिया हा अधिकृत दर. खोली आणि सहली यांसाठी डॉलर चालतात, दुकानांत आणि फेरीबोटीत रुफिया सोयीचे पडतात. ते मात्र लागतील तेवढेच घ्यावेत, कारण देशाबाहेर ते बदलून मिळणे कठीण असते. लहान गेस्टहाउसमध्ये प्रतिव्यक्ती प्रतिरात्र ६ डॉलर हरित कर खोलीच्या भाड्याव्यतिरिक्त आकारला जातो, तोही हिशेबात धरावा. आगमनापूर्वीच्या ९६ तासांत ‘इमुगा’ या सरकारी संकेतस्थळावर प्रवासाची माहिती भरावी लागते. हे काम विनामूल्य असल्याने त्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांकडे जाऊ नये.