अमेरिकेतील प्रवासबंदी सर्वोच्च न्यायालयात का टिकली?

प्रश्न : राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या २७ जानेवारी २०१७ च्या आदेशाने इराण, सीरिया, येमेन यांसह सात मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांना अमेरिकेत प्रवेश नाकारण्यात आला. सिएटलच्या न्यायाधीशांनी आठवड्याभरातच त्याला स्थगिती दिली असताना जून २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी वैध कशी ठरवली?

उत्तर १ : न्यायालयापुढे आला तो मूळ आदेश नव्हे, तर सप्टेंबर २०१७ चा तिसरा, सुधारित आदेश होता. त्यातून इराक व सुदान वगळले होते, उत्तर कोरिया व व्हेनेझुएला यांची भर पडली होती आणि वैयक्तिक सवलतीची तरतूदही होती. परकीयांचा प्रवेश देशहिताला बाधक वाटल्यास तो रोखण्याचा जो अधिकार कायद्याने राष्ट्राध्यक्षांना दिला आहे, तोच ५ विरुद्ध ४ मतांनी पुरेसा मानला गेला.

उत्तर २ : कायद्याची बाजू आपण नेमकी मांडलीत, पण ट्रम्प यांच्या निवडणूक प्रचारात मुस्लिमांच्या प्रवेशबंदीची उघड मागणी झाली होती, हे विसरता कामा नये. न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी भिन्नमतात तीच विधाने एकामागून एक नोंदवली. याचिकाकर्त्यांपैकी तिघांचे नातलग इराण, सीरिया आणि येमेनमधून व्हिसाची वाट पाहत होते. या ताटातुटीमुळेच त्यांना दाद मागण्याचा हक्क असल्याचे बहुमतानेही मान्य केले, तरी हाती काही लागले नाही. मला हे अन्यायाचेच वाटते.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. म्हणजे २०२१ मध्ये बंदी उठली ती बायडेन यांच्या घोषणेने, निकालाने नव्हे.

उत्तर १ : होय, आणि म्हणूनच जून २०२५ मध्ये बारा देशांवर नवी बंदी घालता आली.