तात्या टोपे: ग्वाल्हेरनंतरचे दहा महिने म्हणजे पळापळ होती का?

येवलेकर
परवा १८५७ च्या उठावावरच्या एका व्याख्यानात वक्ते सहज बोलून गेले, "ग्वाल्हेर पडल्यावर तात्या नुसते पळत राहिले." माझं गाव येवला, तात्यांचा जन्म तिथलाच, त्यामुळे ते मनाला लागलं. पण गावाचा अभिमान बाजूला ठेवू आणि नकाशा समोर घेऊ.

२२ जून १८५८ ला जौरा-अलीपूरला इंग्रज सेनापती नेपियरने तात्यांच्या २५ तोफा घेतल्या. लक्ष्मीबाई गेल्या होत्या, काल्पी गेली होती, ग्वाल्हेरही गेलं होतं. तिथून माणूस टोंकला जातो, नबाबाचे शिपाई तोफांसकट येऊन मिळतात. ऑगस्टमध्ये बनास नदीवर रॉबर्ट्सकडून हार खातो. मग पुराने फुगलेली चंबळ ओलांडतो आणि पाठलागावरची पलटण अलीकडच्या काठावर पाणी बघत बसते! झालरापाटणला संस्थानाची फौज फितवून तीसेक तोफा मिळवतो. पळणाऱ्याला कुणी तोफा देतं का? ऑक्टोबरअखेर नर्मदा ओलांडून तो दक्षिणेत उतरला, तेव्हा मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन चिंतेत पडला. पेशव्यांचं निशाण पुन्हा दख्खनेत दिसणार, या धास्तीने. याला मी मोहीम म्हणतो.

तोफखाना
येवलेकर, तुमची तळमळ पोचली, पण तोफांचा हिशेब अर्ध्यावर सोडलात. झालरापाटणला मिळालेल्या तोफा काही आठवड्यांत राजगढला मिशेलने जवळपास सगळ्या काढून घेतल्या. आधी जौरा-अलीपूर, मग राजगढ, तीच चूक दोनदा. गनिमी काव्याने लढायचं तर चिखलातून तोफा ओढत कशाला न्यायच्या?

आणि सुरुवात झाशीच्या मदतीला गेलेल्या तात्यांच्या बेतवा नदीवरच्या लढाईपासून करा. ३१ मार्च १८५८ च्या संध्याकाळी तात्यांच्या माणसांनी टेकडीवर मोठा जाळ केला. झाशीच्या किल्ल्यावरून ते पाहून तोफांची सरबत्ती झाली, आतल्यांना वाटलं की सुटलो. तात्यांकडे सुमारे २०,००० माणूस. ह्यू रोजने झाशीचा वेढा न उठवता जेमतेम १,५०० बाहेर काढले. दुसऱ्या दिवशी पहिली फळी घोडदळापुढे मोडली, मग जंगलाला आग लावून सगळे नदीपार. वेढ्यात अडकलेल्या वरसईच्या गोडसे भटजींनी झाशीचे पुढचे दिवस लिहून ठेवलेत, ते वाचताना आजही घशाखाली घास उतरत नाही. ज्यांनी टेकडीवरचा तो जाळ पाहिला, त्यांना तात्या काय देऊ शकले?

येवलेकर
बेतवा मी नाकारत नाही. तिथे दोन फळ्यांत इतकं अंतर होतं की मागची पुढचीच्या मदतीला येऊच शकली नाही. ती चूक सेनापतीचीच. पण त्याच माणसाने चार महिने आधी, नोव्हेंबर १८५७ मध्ये, ग्वाल्हेरची कंटिंजंट फौज (शिंद्यांच्या खर्चाने इंग्रज अधिकाऱ्यांखाली उभी केलेली, आता उठावात सामील) घेऊन कानपुरात विंडहॅमला मागे रेटलं होतं. कॅम्पबेलला लखनौहून धावत यावं लागलं. बेतवा सांगायची तर कानपूरही सांगा.

मेळघाटकर
तोफखाना दादा, तोफांबद्दल तुमचं खरं आहे. पण नर्मदा उतरताना तात्यांकडे तोफा जवळजवळ नव्हत्याच, आणि म्हणूनच ते इतके वेगात होते. तात्या मुलताईला आले. तापीचा उगम तिथे. तिथून नागपूरचा रस्ता सरळ खाली उतरतो. आमच्या बाजूला आजही मुलताईला माणसं मराठी बोलतात, लग्नसंबंध होतात. म्हणजे तात्या दारापर्यंत आले होते. पुढे कामठीच्या छावणीची फौज आडवी होती, म्हणून पश्चिमेला मेळघाटच्या डोंगरात वळले. या डोंगरात पायी फिरलेल्या माणसाला कळेल की शेकडो घोडी आणि थकलेली माणसं घेऊन तिथून पार होणं काय असतं. दाणा-वैरण कुठून आणली असेल?

तोफखाना
तोच माझा मुद्दा, दादा! दारापर्यंत आले, पण दार कुणी उघडलं? कोल्हापूरच्या पलटणीने जुलै १८५७ मध्ये उठाव केला, तो केव्हाच चिरडला गेला होता. नरगुंदचे भास्करराव भावे जून १८५८ मध्येच फासावर गेले. नागपूरचं राज्य १८५४ लाच खालसा झालेलं. आणि १ नोव्हेंबरला राणीचा जाहीरनामा वाचला गेला, गोऱ्यांच्या खुनात हात नसलेल्यांना माफी. त्याच महिन्यात बांद्याचे नबाब अली बहादूर, मस्तानीच्या वंशातले, तात्यांना सोडून शरण गेले. शिवाजी महाराजांच्या मागे गड होते, मावळ होता. तात्यांच्या मागे धान्याचं एक कोठारही नव्हतं. हा गनिमी कावा नाही, निराधार वणवण आहे. धैर्य मान्य, शंभर वेळा मान्य.

ग्वाल्हेरला तर उघड संधी घालवली. १ जूनला शहर हाती, जयाजीराव शिंदे आग्र्याला पळालेले, खजिना मोकळा. आणि ह्यांनी दरबार भरवले, ब्राह्मणभोजनं घातली! तेवढ्यात रोज आलाच.

नर्मदाकाठची
दरबार तात्यांचा नव्हता हो. गादी पेशव्यांची, नानासाहेबांच्या वतीने त्यांचे पुतणे रावसाहेब बसले. सेनापती चाकर होता. ग्वाल्हेरची फौज आतून फोडण्याचं काम मात्र तात्यांचं, काल्पी पडायच्या सुमारास ते गुपचूप तिथे जाऊन आले होते. १ जूनला शिंद्यांच्या फौजेने लढायलाच नकार दिला तो त्यामुळे. जे काम त्यांच्या हातात होतं ते त्यांनी केलं.

तोफखाना
ताई, हे मी पुरेसं लक्षात घेतलं नव्हतं. दरबाराचा दोष रावसाहेबांकडे जातो, मान्य. मुक्काम कुठे आणि किती, ह्याचा दोष तरीही तात्यांकडे राहतो.

येवलेकर
निराधार होते हे मलाही मान्य आहे, आणि म्हणूनच मी ह्याला पळ म्हणत नाही. माफीचा रस्ता उघडल्यावर बांद्याचे नबाब गेले. तात्या छोटा उदेपूरला १ डिसेंबरला पार्ककडून हरले, बांसवाड्याच्या जंगलातून पुन्हा वर आले, मोगल शहजादा फिरोजशाहला मिळाले, जानेवारी १८५९ मध्ये सीकरला शेवटचे हरले. तोवर बरोबर मूठभर माणसं. मग पाडौनच्या रानात नरवरच्या मानसिंग या सरदाराच्या भरवशावर राहिले आणि ७ एप्रिलच्या रात्री त्याच मानसिंगाने झोपेत पकडून दिलं. फासावर गेला तो तात्या नव्हताच, ही कहाणी इथे कृपया आणू नका, त्यावर वेगळं भांडू.

पकडल्यावर त्यांनी जबानी दिली. रडगाणं नाही, दयेची याचना नाही. कुठून निघालो, कुठे मुक्काम, कुठे लढाई, किती तोफा गेल्या, असं गावामागून गाव. काल्पीपर्यंत नानांच्या हुकमाने वागलो, पुढे रावसाहेबांच्या, हेही स्पष्ट सांगितलं. जबानीनंतर आठ दिवसांनी, १८ एप्रिलला, सिप्रीला (आजचं शिवपुरी) फाशी.

तोफखाना
ती जबानी मीही वाचली आहे. हरलेल्या लढाया त्यात लपवलेल्या नाहीत, बेतवासुद्धा. तुम्ही मोहीम म्हणा, मी वणवण म्हणतो. पण "नुसते पळत राहिले" हे वाक्य त्या वक्त्यांनी मागे घ्यायला हवं, इतकं माझ्याही नावाने त्यांना कळवा.