मदत हवी आहे: कासवाच्या पिल्लांचे नर-मादी डीएनए चाचणीतून कळतील का?

पुळणीवरचा:

नमस्कार मंडळी. गावाचं नाव सांगत नाही, दापोली तालुक्याचा किनारा एवढं पुरे. गेली 9 वर्षं मी आमच्या गावचा कासवमित्र आहे. मोसमात पहाटे बॅटरी घेऊन पुळणीवर फेरी मारायची, माग दिसला की घरटं शोधायचं, अंडी अलगद उचलून हॅचरीत तेवढाच खोल खड्डा करून पुरायची. हे सगळं आता झोपेतही जमेल. अडलंय ते भलतीकडेच.

पिल्लं सोडताना पर्यटक हमखास विचारतात, "यात नर किती, माद्या किती?" मी हसून सांगायचो, "मोठेपणी अंडी घालायला येतील त्या माद्या." गेल्या मोसमात मात्र एका पाहुण्याने चारचौघांत ऐकवलं की उन्हाळा इतका वाढलाय की तुमच्याकडे सगळ्या माद्याच निघत असणार, हॅचरी उघड्यावर करून तुम्हीच वंश बुडवताय. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. कारण आमची हॅचरी खरंच सुरूच्या बनापासून लांब आहे. मार्चच्या दुपारी तिथल्या वाळूत अनवाणी पाय ठेववत नाही.

पिंजऱ्यातल्या पक्ष्यांचं नर-मादी पिसावरून सांगणाऱ्या एका प्रयोगशाळेला फोन केला. म्हणाले, कासवाचंही करून देऊ, नमुने कुरियर करा आणि पैसे आगाऊ भरा. समितीकडे देणगीचे 28 हजार शिल्लक आहेत. ते यात घालावेत का? नमुना कशाचा घ्यायचा, रक्ताचा की मेलेल्या पिल्लाचा? माझ्या वहीत 9 वर्षांच्या नोंदी आहेत: अंडी किती, कधी पुरली, कधी फुटली. बाकी शास्त्र म्हणाल तर बारावीनंतर सुटलं.

जनुकवेडी:

दादा, पैसे भरू नका! आधी हे वाचा.

पक्ष्यांत मादीकडे एक वेगळं गुणसूत्र असतं, ते नराकडे नसतं. त्यामुळे एका पिसाच्या बुडख्यावरून काम भागतं. आपल्यात तेच उलट्या बाजूने, पुरुषाकडे वाय. समुद्री कासवांत असं लिंग ठरवणारं गुणसूत्रच नाही. नर पिल्लू आणि मादी पिल्लू यांच्या डीएनएत या बाबतीत वाचण्याजोगा फरक नसतो. तांदूळ तोच, पाणी, विस्तव बदलला की भात होतो नाहीतर पेज. तुम्ही त्या प्रयोगशाळेला तांदळाचा दाणा पाठवून विचारणार की भात झाला होता की पेज. त्यांनी कासवाला "हो" कसं म्हटलं, याचंच नवल वाटतं.

ठरवते ती घरट्यातली उष्णता, आणि तीही अंडं उबण्याच्या मधल्या तिसऱ्या हिश्शात. आपल्या किनाऱ्यावर येणाऱ्या ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांत साधारण 29 ते 30 अंशांच्या आसपास निम्मे-निम्मे निघतात. थंड वाळूत नर वाढतात, गरम वाळूत माद्या. यामागे जनुकं नाहीत असं नव्हे. 2018 मध्ये लाल कानाच्या गोड्या पाण्यातल्या कासवावर झालेल्या कामात दिसलं की थंड अंड्यांत केडीएम6बी नावाचं जनुक जास्त काम करतं आणि त्यामुळे वृषण तयार होतं. ते दाबलं तर थंडीतही मादीकडे वळतं. म्हणजे जनुक दोघांतही तेच, चालू कुठे आणि बंद कुठे एवढाच फरक. आणि तो पाहायचा तर भ्रूण उघडावा लागतो.

सुरूचं_बन:

एवढं कशाला? हॅचरीवर हिरवी जाळी ताणा की झालं. आमच्याकडे दोन वर्षं ताणतोय. वाळू गार राहते, पिल्लंही जास्त निघतात.

जनुकवेडी:

जाळीने वाळू गार होते हे मान्य. पण किती गार? मुळात 29 असेल तिथे तुम्ही 27 केलंत तर उलटा घोळ, सगळे नर. मोजल्याशिवाय ताणू नका. मार्च-एप्रिलमध्ये वाळू 34-35 च्या वर चढून पिल्लं अंड्यातच मरत असतील तर गोष्ट वेगळी, तिथे सावली हवीच.

पुळणीवरचा:

म्हणजे डीएनए बाद. पण मेलेल्या पिल्लांचं काय? दर घरट्यात पाच-दहा निघतातच. ती चिरून कळत नाही का?

खाडीपल्याड:

कळतं, पण ते तुमचं-आमचं काम नाही. पोटातल्या जननग्रंथीचा पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. बाहेरून तर दहा-पंधरा वर्षांनी वयात आल्यावरच ओळखू येतं, नराची शेपटी लांब होते तेव्हा.

आता कायद्याचं सांगतो, माझी हयात वन खात्यातच गेली. ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे. मेलेलं पिल्लू, न फुटलेलं अंडं, यातलं काहीही आपल्या मनाने कुरियरमध्ये टाकायचं नाही. संशोधनासाठी कलम 12 ची परवानगी लागते. ती मुख्य वन्यजीव रक्षक देतात, आणि पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी त्याआधी केंद्राची मान्यता. त्या प्रयोगशाळेने "नमुने पाठवा" म्हणताना हे विचारलं तरी का? तुम्ही भाबडेपणाने पाठवलं असतंत आणि 9 वर्षांच्या सेवेनंतर चौकशीला तुम्हीच उभे राहिला असतात.

पुळणीवरचा:

काका, अंगावर काटा आला. वाचलो म्हणायचं.

जनुकवेडी:

दादा, अर्धं उत्तर तुमच्या वहीतच आहे. डिसेंबरचं घरटं किती दिवसांत फुटलं आणि मार्चचं किती, ते टाका बघू.

पुळणीवरचा:

गेल्या मोसमातलं पहिलं घरटं 12 डिसेंबरचं, 57 दिवस. शेवटचं 20 मार्चचं, 46 दिवस. अधलीमधली 50 ते 54 मध्ये.

जनुकवेडी:

बघा. वाळू गरम तितके दिवस कमी. म्हणजे 57 वालं आणि 46 वालं एकाच तापमानात उबलेलं नाही. थंडीतल्या घरट्यांत नर निघत असण्याची शक्यता चांगली आहे. तो पाहुणा "सगळ्या माद्या" म्हणाला ते त्याने मार्चच्या उन्हात उभं राहून. पण दिवसांवरून फक्त अंदाज येतो, मधल्या तिसऱ्या हिश्शात काय झालं ते कळत नाही.

28 हजारांतून तापमान नोंदवणारे छोटे लॉगर घ्या. अंडी पुरताना निम्मी ठेवून झाली की मधोमध एक, त्यावर उरलेली. दुसरा तेवढ्याच खोलीवर, घरट्यापासून हातभर लांब नुसत्या वाळूत. वाढत्या पिल्लांची स्वतःची ऊब असते, त्यामुळे आतला आणि बाहेरचा आकडा जुळणार नाही. अंडी फिरवायची नाहीत, वेळ काढायचा नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको.

खाडीपल्याड:

लॉगर पुरण्याआधीही वनपालांना लेखी कळवा. पोच घ्या.

सुरूचं_बन:

जाळीचं मागे घेतो, निदान डिसेंबरपुरतं. पण मला एक कळत नाही, मग कासवांच्या डीएनएवर एवढी माणसं काम करतात ती कशासाठी? गुहागरचं ते टॅगवालं कासव आठवतं. 2021 मध्ये ओडिशात टॅग केलेली मादी 2025 च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालून गेली. तिचा टॅग नसता तर डीएनएने कळलं असतं का की ती तिकडची?

जनुकवेडी:

एका मादीबद्दल खात्रीने नाही. पेशीत मायटोकॉन्ड्रिया नावाचा भाग असतो, त्याचा डीएनए फक्त आईकडून येतो, त्यावरून घराणी कळतात. 2004 मध्ये कार्तिक शंकर आणि सहकाऱ्यांनी पूर्व किनाऱ्यावरच्या रिडलेंवर तेच केलं. जगातल्या इतर रिडलेंपेक्षा वेगळी आणि जुनी शाखा इथे सापडली. पण ओडिशातले किनारे एकमेकांपासून वेगळे काढता आले नाहीत. गुहागरच्या मादीने तर पूर्व-पश्चिम हा हिशोबही सैल करून टाकला.

पण तुमच्या मूळ काळजीला डीएनए उपयोगी पडतो, दादा, फक्त वेगळ्या वाटेने. नर कासव पुळणीवर येत नाही. तो मोजायचा कसा? त्याच्या पोरांवरून. आई आणि तिची वीसेक पिल्लं यांचा डीएनए जुळवला की उरलेला भाग बापाचा, आणि बाप एक की तीन तेही कळतं. मादी समागमानंतर वीर्य साठवून ठेवते, त्यामुळे एका घरट्यात दोन-तीन बापांची पोरं असू शकतात. मायकल जेन्सन यांनी 2006 मध्ये कोस्टारिकात हे तपासलं. हजारो माद्या एकदम येतात त्या किनाऱ्यावर 92 टक्के घरट्यांत एकाहून अधिक बाप, आणि आपल्यासारख्या एकेकट्या माद्या येतात तिथे 30 टक्के. मोसमात वेगवेगळे बाप किती, हे मोजलं की समुद्रात नर पुरेसे आहेत का याचा अंदाज बांधता येतो.

त्याच जेन्सन यांचं 2018 चं काम ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरियर रीफवरच्या हिरव्या कासवांवर आहे. उत्तरेकडच्या किनाऱ्यांवर जन्मलेली पोरवयाची कासवं 99 टक्के माद्या निघाली. तिथेही डीएनएने सांगितलं ते फक्त कासव कुठल्या किनाऱ्याचं. नर की मादी हे रक्तातल्या संप्रेरकांवरून आणि दुर्बिणीने पोटात पाहून ठरवलं. तुमच्या पाहुण्याने बहुतेक हीच बातमी वाचली असणार. पण ती जात वेगळी, किनारा वेगळा.

पुळणीवरचा:

बापांचं मोजणं आम्हाला करता येईल का?

जनुकवेडी:

एकट्याने नाही. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेची वन्यजीवांवर काम करणारी लॅकोन्स प्रयोगशाळा, देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था अशा ठिकाणची माणसं परवानग्या घेऊन करतात. पण ते आले की पहिल्यांदा तुमची वही मागतील. पाण्यापासून जपा, एक झेरॉक्स काढून ठेवा.

पुळणीवरचा:

समितीत विषय मांडला. एकजण म्हणाला, त्या पैशांतून पर्यटकांसाठी बाकडी घेऊ. शेवटी चार लॉगर मागवायचं ठरलं. वनपाल साहेबांना अर्ज दिला, पोच घेतली. बाकडी पुढच्या वर्षी.

पुळणीवरचा (तीन आठवड्यांनी):

लॉगर आले. आज पहाटे घरटं मिळालं, 118 अंडी. 59 ठेवून झाल्यावर मधे लॉगर सोडला. त्याआधी ताईंनी व्यक्तिगत निरोपात सांगितलं होतं तसं चौघांनाही थर्मासमध्ये बर्फाच्या चुऱ्यात ठेवून पाहिलं. तीन 0 दाखवतात, एक 0.4. चालेल का, की परत पाठवू?

जनुकवेडी:

चालेल. त्याच्यावर रंगाचा ठिपका द्या, वहीत लिहा, आणि त्याच्या प्रत्येक आकड्यातून 0.4 वजा करा.