मटण चालतं, मग शिकारीचा फोटो का खुपतो?

चाळीसगावकर (धागाकर्ता)

आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सेसिल सिंहाची बातमी परत फिरायला लागली आहे. विसरला असाल तर थोडक्यात सांगतो. २०१५ च्या जुलैत झिम्बाब्वेत ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबाहेर एका अमेरिकन दंतवैद्याने साधारण ५० हजार डॉलर मोजून हा सिंह मारला. आधी बाणाने जखमी केला, संपवला कित्येक तासांनी. ग्रुपवर 'राक्षस आहे', 'यालाच सोडा त्या जंगलात' वगैरे चाललं होतं. त्याच ग्रुपवर त्याच संध्याकाळी रविवारच्या मटणाची वर्गणीही गोळा होत होती.

दंतवैद्याची वकिली मला करायची नाही. पण 'आपण खायला मारतो, तो मिरवायला मारतो' या वाक्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या, ते मला पटत नाही.

आपण मटण भुकेपोटी खात नाही. कळण्याची भाकरी, भरीत, शेवभाजी, डाळ-बट्टी यांवर खानदेशातला माणूस ठणठणीत जगतो. बोकड कापला जातो तो काळ्या मसाल्याच्या रश्श्यासाठी. म्हणजे जिभेच्या सुखासाठी. भिंतीवर मुंडकं लावून मिळतं तेही सुखच. मारणाऱ्याच्या हेतूचं जनावराला काही देणंघेणं नाही. मला स्वतःला ते किळसवाणं वाटतं, पण किळस म्हणजे नीती नव्हे.

आणि 'खाल्लं' हाच निकष धरला तर शिकारी सुटतात. नामिबियात पैसे भरून मारलेल्या हत्तीचं मांस आसपासच्या गावांत वाटलं जातं. उलट आपल्या नवापूरला २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू आला, तेव्हा लाखांवर कोंबड्या मारून खड्ड्यांत पुरल्या. एकीचाही रस्सा झाला नाही. ते पाप होतं असं कोणी म्हणत नाही.

आपल्या घाटाचंच बघा ना. चाळीसगाव-कन्नडमधला औट्रम घाट. जेम्स औट्रम हा इंग्रज अधिकारी १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभारायला आला आणि पुढच्या दहाएक वर्षांत १९१ वाघांच्या शिकारीत हजर होता, असं त्याच्या चरित्राच्या नोंदी सांगतात. १९८६ मध्ये अभयारण्य झालं, त्याचं नाव गौताळा-औट्रमघाट. वाघ मारणाऱ्याचं नाव वाघ राखायच्या जंगलाला! त्या पाटीजवळ उभं राहून आपण फोटो काढतो आणि घरी येऊन दंतवैद्याला शिव्या घालतो.

माझ्या मते विचारायचे प्रश्न दोनच. ते जनावर जगलं कसं? आणि ते मेल्यावर त्याच्या जातीचं आणि शेजारच्या माणसांचं काय झालं? या दोन प्रश्नांवर एखादी नीट चालवलेली शिकार सहा आठवड्यांत कापल्या जाणाऱ्या ब्रॉयलरपेक्षा वर ठरू शकते.

आता या दगडं घेऊन.

रावेरचा केळीवाला

दगड नाही, पण तुम्ही दोनच प्रकार सांगितलेत. तिसरा आमच्याकडे आहे. ना खायला, ना मिरवायला. वावर वाचवायला.

केळीची नवी लागण असली की रानडुकरं एका रात्रीत कंद उकरून जातात. मका दुधात आला की मग बघायलाच नको. वनखात्याकडे अर्ज करा, पंचनामा करा, परवानगी आली तर मारा. आणि मारलेलं डुक्कर मालमत्ता कुणाची? सरकारची. पुरून टाकायचं. म्हणजे खाल्लं तर गुन्हा आणि मातीत घातलं तर कायदेशीर! 'खायला मारणं नैतिक' म्हणणाऱ्यांनी आधी हे मला समजावून सांगावं.

२०१६ मध्ये बिहारात मोकामा भागात हैदराबादहून नेमबाज बोलावून दोनशेच्या वर नीलगायी मारल्या. मनेका गांधी जावडेकरांवर तुटून पडल्या, दोघं एकाच मंत्रिमंडळात. दिल्लीत बसून हळहळणं सोपं. राखणीला माळ्यावर बसून दाखवा.

पांझराकाठची

चाळीसगावकर दादा, लिहिलंय छान, पण मधला सांधा निखळलाय.

'हेतूचं जनावराला काही देणंघेणं नाही' हा तुमच्या सगळ्या मांडणीचा पाया. कबूल, नाही. पण नीती जनावराची नसते, माणसाची असते. रस्त्यात गाडीखाली माणूस सापडला आणि ठरवून गाडी अंगावर घातली, मेलेल्याला दोन्ही सारखंच. कोर्टाला सारखं असतं का? हेतू काढून टाकला तर निम्मा फौजदारी कायदा रद्दीत जाईल.

आमच्या गल्लीच्या टोकाला मटणाचं दुकान आहे. तो माणूस कापतो, तोलतो, सुटे पैसे नाहीत म्हणून कुरकुरतो. मेलेल्या बोकडावर पाय ठेवून हसताना मी त्याला कधी पाहिलेला नाही. ज्याला मारण्यातच मजा आहे, ती मजा विकत घ्यायला जो विमानाने जातो, त्याची आणि खाटकाची बरोबरी मी करणार नाही.

शिवाय तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही तुमच्याविरुद्ध जातं. वाघ-लांडगा कळपातलं अधू, म्हातारं जनावर धरतो. शिकाऱ्याला हवा असतो सगळ्यात मोठ्या शिंगांचा नर. कॅनडातल्या अल्बर्टात डोंगरी मेंढ्यांचा कित्येक वर्षं अभ्यास झाला, तिथे मोठ्या शिंगांचे नर मारत राहिल्यामुळे पुढच्या पिढ्यांची शिंगंच आखूड होत गेल्याचं आढळलं. सिंहाचं आणखी वाईट. कळपाचा नर गेला की नवा नर येऊन आधीची पिल्लं मारतो. एका फोटोमागे किती मेले ते मोजलं का कोणी?

मुक्ताईनगरचा माळकरी

राम कृष्ण हरी. दोघंही मारणारेच. एकाचं पोट मोठं, एकाची छाती. आम्ही माळ घातली आणि या भानगडीतून सुटलो.

पारोळ्याची शेळीवाली

माऊली, चहा दुधाचाच घेता ना? म्हशीला टोणगा झाला की पुढे त्याचं काय होतं ते गवळ्याला विचारून या, मग सुटलो म्हणा.

माझं_मत

इथे कोणी वांग्याच्या भरीतावर धागा काढला असता तर बरं झालं असतं.

मूळ अमळनेर, मुक्काम विंडहोक

कामानिमित्त इथे नामिबियात राहतो, म्हणून लिहितो. भारतात बसून हा विषय कळणं अवघड आहे.

इथे १९९६ मध्ये कायदा बदलला आणि गावांना आपापल्या जमिनीवरच्या वन्यजीवांवर हक्क मिळाला. गावांनी मिळून संवर्धन क्षेत्रं केली. ठरलेल्या संख्येइतकीच शिकार होते, त्याचे पैसे त्या क्षेत्राला मिळतात, त्यातून राखणदारांचे पगार होतात, मांस गावात जातं. ज्या हत्तीने मका तुडवला त्याच्याकडे गाव शत्रू म्हणून बघत होतं, तोच आता कमावता झाला. २०२४ च्या दुष्काळात तर सरकारने ७२३ रानटी जनावरं मारून मांस वाटायचं जाहीर केलं, त्यात ८३ हत्ती होते. ती शिकार होती की अन्न? करा वर्गवारी.

शेजारच्या बोत्सवानाने २०१४ मध्ये शिकार बंद केली आणि २०१९ मध्ये परत उघडली. जर्मनी शिकारीच्या मुंडक्यांची आयात आवळायला निघाली तेव्हा बोत्सवानाचे त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष मासिसी म्हणाले की २० हजार हत्ती तुम्हाला पाठवतो, सांभाळा. इकडे सगळे हसले, पण राग खरा होता. युरोपातल्या माणसाला हत्ती टीव्हीवर दिसतो, इथल्या बाईला पाणी भरायला जाताना दिसतो.

गॅझेटियर_वाचक

अमळनेरकर, हे औषध आपण घेऊन बघितलंय. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे शिकार कंपन्या होत्या. परदेशी पाहुणे डॉलर घेऊन यायचे, तंबू, हाकारे, वाघाचं कातडं सगळं पॅकेजात. तेव्हाही हेच सांगायचे की यातून परकीय चलन येतं, जंगलाला किंमत येते. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली आणि १९७२ च्या गणतीत वाघ भरले १,८२७. सगळे काही शिकार कंपन्यांनी संपवले नाहीत, जंगलतोड होती, विषप्रयोग होते, पण डॉलरने वाघ वाचला नाही एवढं नक्की.

आणि औट्रमबद्दल जरा न्यायाने बोला. त्या काळी सरकार वाघ मारल्याचं बक्षीस देत होतं. तो फक्त हौस करत नव्हता, सत्ता दाखवत होता. भिल्लांना पलटणीत ओढायचं तर त्यांच्यासोबत पायी वाघाला भिडणं हा त्याचा मार्ग होता. मुंडक्यामागे नेहमी हौसच असते असं नाही. कधी राज्य असतं.

बाकी २०२१ मध्ये टिपेश्वरकडचा एक वाघ चालत चालत गौताळ्यात आला. त्याच्यासाठी कोणी परवाना विकला नव्हता.

मूळ अमळनेर, मुक्काम विंडहोक

फरक हाच की आपल्या शिकार कंपन्यांचा पैसा गावात आला नाही. गावकऱ्याला हाकाऱ्याची मजुरी मिळाली, बस. पाकिस्तानात मारखोर बकऱ्याचा परवाना लाख डॉलरच्या वर जातो आणि त्यातले ८० टक्के स्थानिक लोकांना मिळतात. तिथे गावकरीच चोरट्या शिकाऱ्याला पकडून देतात. २०१५ मध्ये मारखोर 'संकटग्रस्त' गटातून दोन पायऱ्या वर, 'संकटासमीप' (कमी धोक्याच्या) गटात आला. पैसा कोणाच्या खिशात जातो यावर सगळं आहे.

पांझराकाठची

आणि दक्षिण आफ्रिकेत पिंजऱ्यात वाढवलेले सिंह कुंपणात सोडून मारायला देतात, तो पैसा कोणाच्या खिशात? २०२१ मध्ये तिथल्या सरकारलाच म्हणावं लागलं की हा धंदा बंद करू. चांगलं उदाहरण तेवढं मारखोरचं द्यायचं आणि हे झाकायचं, असं चालणार नाही.

धडगावचे गुरुजी

सगळे प्रतिसाद वाचले. एक गोष्ट कोणीच विचारली नाही, म्हणून आमच्या पावरा आदिवासी समाजाकडून विचारतो.

आमचे आजोबा शिकारीला जायचे. ससा, डुक्कर. गाव मिळून जायचं आणि वाटे पडायचे. जो आजारपणामुळे गेला नाही त्याच्याही घरी वाटा, विधवेच्या घरी वाटा. बाण कोणाचा लागला त्याला मान वेगळा, पण मांस सगळ्यांचं. वाघाला कोणी हात लावत नसे, वाघदेवाची पूजा होते आमच्यात, आजही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि तो ससा गुन्हा झाला. कायदा चुकीचा असं मी म्हणत नाही, जंगल उरलंच नव्हतं. पण सातपुड्यातला माणूस सशासाठी कोर्टाच्या तारखा करतो आणि परदेशात कोणी ५० हजार डॉलर भरले की त्याला 'संवर्धनाला हातभार' म्हणतात, हे कानाला कसं लागतं ते तुम्हाला कळणार नाही.

आफ्रिकेतही गोष्ट तीच आहे ना अमळनेरकर? गावच्या माणसाने पोटासाठी हरीण मारलं तर चोरटी शिकार, पाहुण्याने भिंतीसाठी मारलं तर परवाना. चाळीसगावकर, तुमच्या दोन प्रश्नांत तिसरा जोडा: मारायची मुभा कोणाला आहे आणि ती कोणाकडून काढून घेतली.

पारोळ्याची शेळीवाली

हाई समदं ठीक शे भो, पन शेळी पाळणाऱ्याचंही ऐका.

माझ्या बोकडांना मी नावं ठेवत नाही, कारण बाजाराला न्यायची असतात. बकरी ईदच्या आधी आणि नवसाच्या दिवसांत भाव चांगला येतो, त्यात पोरीची फी भरते. चाळीसगावकर म्हणतात मटण जिभेसाठी. खाणाऱ्याच्या जिभेसाठी असेल, माझ्यासाठी ते जगणं आहे. विकलं जातं म्हणून मी शेळी पाळते. उद्या मटण बंद झालं तर गावात शेळी शोधून सापडणार नाही. विंडहोकवाले भाऊ हत्तीचं जे सांगताहेत ते मला लगेच समजलं.

पण पांझराकाठची ताई म्हणते तेही खरं. माझा बोकड मी जन्माला घातला, पाला खाऊ घातला. सिंह त्या डॉक्टरने पाळला होता का?

चाळीसगावकर (धागाकर्ता)

गुरुजी, तिसरा प्रश्न घेतला. तो खरं तर पहिला हवा.

ताई, हेतूवर मी अडून आहे. खाटीक हसत नाही कारण त्याचं ते रोजचं काम आहे. हसतो आपण, रविवारी पंगतीत, नळी चोखत. फोटोही टाकतो. फक्त बोकडाचं तोंड त्यात दिसत नाही.

रावेरच्या भाऊंना मात्र विचारायचंय. परवानगीने मारलेल्या डुकराचं मांस खायला, विकायला मोकळं केलं तर? पुरण्यापेक्षा बरं नाही का?

पांझराकाठची

नको. मांसाला भाव आला की वावर वाचवणं बाजूला राहील. जिथे नुकसान नाही तिथलीही डुकरं पंचनाम्यात येतील. पुरायला लावतात ते त्यासाठीच.

रावेरचा केळीवाला

ताई, भाव आत्ताही आहे. रात्री मोटारसायकलवर पोतं येतं, कुठे उतरायचं ते ठरलेलं असतं. कोणी कुंपणात करंट सोडतं, त्यात डुकरासोबत बिबट्या जातो, कधी माणूसही. माझ्यासारखा अर्ज करणारा मूर्ख ठरतो. विकायची परवानगी द्या, निदान किती मेली ते कागदावर तरी येईल.

धडगावचे गुरुजी

परवानगी दिलीच तर परवाना बंदूकवाल्या जमीनदाराला मिळेल की वनहक्क समितीला, हे आधी ठरवा. आमच्याकडे बंदुकीचा परवाना कोणाकडे आहे ते मोजायला एका हाताची बोटं पुरतात.

रावेरचा केळीवाला

समितीला द्या, माझी हरकत नाही. फक्त मका उभा असताना द्या, काढणी झाल्यावर नको.