राउटरला 'संवेदक' म्हणायचं का?

गिरगावचा गडी: सोसायटीसाठी पानभर मराठीत लिहितोय आणि एका शब्दावर गाडी अडलीय. ऑफिसातलं वायफाय सारखं पडायचं म्हणून माळ्यावरचा जुना डब्ल्यूआरटी५४जी राउटर काढला, त्यात ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर चालणारं मोफत सॉफ्टवेअर) टाकून जिन्याखाली ठेवला, आता तो आजूबाजूचं वायफाय ऐकतो आणि वायरीवरून माझ्या पीसीतल्या किस्मेट नावाच्या वायफाय तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला पाठवतो. इंग्रजीत रिमोट सेन्सर. मी 'दूरस्थ संवेदक' लिहिलं तर सेक्रेटरी काका म्हणतात, हे आग लागल्यावर वाजणारं का रे?

शब्दांचा किडा: काकांचं बरोबरे. संवेदक म्हटलं की धूर, तापमान असलं काहीतरी येतं डोळ्यासमोर. आणि रिमोट नुसता लिहिलास तर टीव्हीचा शोधायला लागतील.

मुलुंडकरीण: टेहळणी?

लाल डब्बा: टेहळणी डोळ्यांची, बुरुजावरून. 'पाळत' तर लिहूच नका, पाळत कुणावर तरी ठेवतात, पुढच्या मीटिंगला राडा होईल. मी म्हणेन कानोसा. मॉनिटर मोडमध्ये, म्हणजे नुसतं ऐकायच्या सेटिंगवर, राउटरचा रेडिओ कुठल्याच नेटवर्कला जोडलेला नसतो, स्वतः चकार शब्द काढत नाही, बाकीचे राउटर सेकंदाला साधारण १० वेळा बीकन सोडून आपापलं नाव ओरडत असतात ते हा ऐकतो. दाराआड कानोसा घेणारापण गप्पच असतो ना, बोलला की संपलं. फक्त ह्याला एका वेळी एकाच चॅनलवर कान लावता येतो, त्यामुळे वायफायच्या १ ते १३ चॅनलवर फिरत बसतो, ६ वर असताना ११ वर काय झालं ते हुकलंच.

मुलुंडकरीण: चाहूल पण छान आहे की.

लाल डब्बा: चाहूल लागते, आपोआप. कानोसा घ्यावा लागतो, डब्बा मुद्दाम ठेवलाय ना.

मुलुंडकरीण: ओके पटलं. मॉनिटर मोडवरून शाळेतला मॉनिटर आठवला, फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहिणारा 😄 तेच करतोय हा.

शब्दांचा किडा: जुन्या किस्मेटमध्ये ह्या लांबच्या डब्ब्याला ड्रोन म्हणायचे, मूळ अर्थ नर मधमाशी. आता ड्रोन म्हटलं की लग्नाचं शूटिंग. आणि किस्मेट म्हणजे आपलं किस्मतच बरं का, मूळ अरबी, वाट्याला आलेलं ते. कसम पण त्याच धातूतली. ओपनडब्ल्यूआरटीमधलं डब्ल्यूआरटी तर तुझ्याच राउटरच्या नावातलं, २००३ मध्ये तो बनवणाऱ्या लिंकसिस कंपनीला त्याचा सोर्स कोड सगळ्यांसाठी उघडा करावा लागला, त्यातून ते उभं राहिलं.

गिरगावचा गडी: कानोसा आवडला, पण ती क्रिया झाली, घेणाऱ्याला काय म्हणू? माझ्या डब्ब्यात रॅम १६ एमबी, तो स्वतः काही ठरवत नाही, ऐकलेलं पुढे ढकलतो बस.

शब्दांचा किडा: मग खबऱ्या. ऐकायचं, पोचवायचं, अक्कल साहेबाची.

मुलुंडकरीण: अहो मुंबईत खबऱ्या म्हणजे पोलिसांचा, जिन्याखाली खबऱ्या बसवलाय असं लिहिणार का सोसायटीच्या कागदावर?

गिरगावचा गडी: नाही बाबा. 'कानोसा घेणारा राउटर' असं लांबलचक लिहिलं शेवटी, काकांना एका वाचनात कळलं. पण दुसरा गच्चीच्या दारापाशी लावतोय, मग दोघांचे 'कानोसे' का?

लाल डब्बा: राउटर दोन, कानोसा एकच. दोघं मिळून घेतात.