अनुभव धागा: नोत्र दामचा मनोरा कोसळला तेव्हा तुम्ही कुठे होतात?

१५ एप्रिल २०१९, सोमवार. आपल्याकडे रात्रीचे सव्वाअकरा झाले होते. मी वह्या तपासत बसले होते, तेवढ्यात एका जुन्या विद्यार्थ्याचा मेसेज आला, "मॅडम, टीव्ही लावा." लावला. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलच्या छपरातून ज्वाळा निघत होत्या. पाहता पाहता तो मधला निमुळता मनोरा कलला, मोडला आणि छप्पर फोडून आत गेला.

फ्रेंचमध्ये त्या मनोऱ्याला 'फ्लेश' म्हणतात. फ्लेश म्हणजे बाण. पुण्यात फ्रेंच शिकवताना दर वर्षी मी फळ्यावर त्या चर्चचं चित्र काढून हा शब्द सांगते. प्रत्यक्ष पॅरिसला मी दोनदाच गेलेय, दोन्ही मिळून अकरा दिवस. तरी त्या रात्री रडले. नवऱ्याने विचारलं, "अगं, आपलं कोण आहे तिथे?" मला काही सांगता येईना. दुसऱ्या दिवशी वर्गात चित्र काढायला घेतलं आणि बाणापाशी खडू थांबला. मुलंही गप्प होती.

डिसेंबर २०२४ मध्ये ती वास्तू पुन्हा उघडली, तेव्हापासून हा धागा काढायचं मनात होतं. त्या रात्री तुम्ही कुठे होतात, काय पाहिलंत, काय वाटलं ते लिहा. राग आला असेल तर तोही लिहा. फक्त 'आग कोणी लावली' छापाचे फॉरवर्ड इथे नकोत. तपासात घातपाताचा पुरावा मिळालेला नाही आणि नेमकं कारणही ठरलेलं नाही.

पॅरिसहून

माझं तेव्हाचं ऑफिस सेन नदीच्या डाव्या काठावर होतं. सातच्या सुमारास बाहेर पडले तर आकाशात पिवळट धूर. लाकडाच्या धुराचा रंग असा नसतो एवढंच जाणवलं. छपरावर चारशे टनांहून जास्त शिसं होतं हे नंतर कळलं. तूर्नेल पुलाजवळ माणसांची भिंतच उभी होती, पण आवाज नव्हता. माझ्या शेजारी पिझ्झा पोचवणारा एक मुलगा सायकलवर एक पाय टेकून उभा होता. पाठीवरचं खोकं तसंच, खिशातला फोन वाजतोय, वाजून बंद होतोय, पुन्हा वाजतोय. त्याने तो काढला नाही. मनोरा पडला तेव्हा सगळ्यांच्या छातीतून एकदमच हुंकार निघाला.

अंधार पडल्यावर साँ-मिशेलच्या बाजूला तरुण मुलं रस्त्यावर गुडघे टेकून मरियेची गाणी म्हणू लागली. मला शब्द येत नव्हते. पण हरिपाठात असतं ना, येणारे सुरू करतात आणि न येणारे दुसऱ्या ओळीला धरतात, तसंच चाललं होतं. मीही चाल धरली.

मध्यरात्र उलटून गेल्यावर, म्हणजे सांगलीत पहाट होताना, बाबांचा फोन. "तुझ्याकडचं देऊळ ना ते? आत कोणी अडकलं नाही ना?" नाही म्हटलं. "मग होईल परत उभं," म्हणाले आणि माझी झोप झाली का ते विचारायला लागले.

त्याआधी आम्ही काठावर उभे असतानाच उत्तरेच्या बुरुजात आग शिरली होती. आम्हाला नुसती लाल झाक दिसली. तिथल्या घंटा लाकडी सांगाड्यावर टांगलेल्या आहेत. सांगाडा जळून घंटा खाली आल्या असत्या तर बुरूज गेला असता, आणि त्याच्या मागोमाग दुसराही. आगीचे बंबवाले त्या बुरुजात चढले म्हणून आज दोन्ही उभे आहेत. पहाटे चारपर्यंत आग आवाक्यात आली.

नंतरच्या शिशाच्या भीतीबद्दल फार कोणी बोलत नाही. नोत्र दाम नदीतल्या ज्या बेटावर आहे, त्याच बेटावर माझी मैत्रीण राहते. तिच्या दोन वर्षांच्या मुलाचं रक्त तपासेपर्यंत ती रोज दोनदा ओल्या फडक्याने खिडक्यांच्या कडा पुसायची. रिपोर्ट चांगला आला.

वसईहून

आदल्या दिवशी झावळ्यांचा रविवार झाला होता. चर्चमधून आणलेली झावळी अजून हिरवी होती आणि आईने ती देव्हाऱ्यातल्या क्रूसामागे खोचलेली होती. टीव्हीवर आग दिसली तशी आई जपमाळ घेऊन समोर बसली, ती मी झोपायला गेले तरी तिथेच. तिला एकच काळजी, काट्यांच्या मुकुटाची. ख्रिस्ताच्या डोक्यावरचा मानला जाणारा तो मुकुट तेराव्या शतकात राजा नववा लुई याने पॅरिसला आणला. बंबवाल्यांसोबतच्या फादरांनी आणि इतरांनी तो बाहेर काढला ही बातमी मी सकाळी तिला सांगितली, तेव्हा कुठे तिने चहा घेतला.

बुधवारी संध्याकाळी फ्रान्समधल्या सगळ्या कॅथेड्रलांनी एकाच वेळी घंटा वाजवल्या. मला आठवली मेणवलीच्या घाटावरची घंटा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा इथल्या चर्चमधल्या घंटा देशावर गेल्या आणि देवळांत लागल्या. मेणवलीला कॉलेजच्या सहलीत गेले होते. त्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मरिया आहे. मी तिच्यावरून बोट फिरवलं होतं, धातू उन्हाने तापलेला होता. आमची असून आमच्याकडे नाही, पण जिथे आहे तिथे जपलेली आहे, हे बघून बरं वाटलं होतं.

आणि मग तोच रविवार, २१ एप्रिल. ईस्टरच्या मिस्साच्या वेळी श्रीलंकेत चर्चमध्ये आणि हॉटेलांत बॉम्बस्फोट झाले, अडीचशेहून अधिक माणसं गेली. त्यानंतर कित्येक दिवस आईने नोत्र दामचं नाव काढलं नाही. मीही नाही.

मुंबईहून, जुन्या इमारतींचं काम करणारी वास्तुविशारद

त्या छपराखालच्या लाकूडकामाला पॅरिसकर 'जंगल' म्हणायचे. बाराव्या-तेराव्या शतकातला ओक, कैचीला (छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्याला) लागून कैची, शेकडो वर्षं वाळत आलेला. त्यात ठिणगी पडली की काय होणार ते पाहिलंच. गजर वाजला होता ६.२० च्या सुमारास, पण पाहायला गेलेला माणूस चुकीच्या माळ्यावर पोचला आणि अग्निशमन दलाला फोन जाईपर्यंत जवळजवळ अर्धा तास गेला. वाचवलं ते दगडी घुमटीने. तिला काही ठिकाणी भगदाडं पडली, पण बहुतेक जळतं लाकूड तिने वरच्या वर झेललं.

मला सर्वांना सांगायचंय ते वेगळंच. २०१४ मध्ये रेमी फ्रोमों आणि सेद्रिक त्राँतसो या दोन वास्तुविशारदांनी ते 'जंगल' तुळईन् तुळई मोजून कागदावर उतरवलं होतं. तेव्हा कोणाला आगीची कल्पनाही नव्हती. पुढे सुमारे २,००० ओकची झाडं तोडली, ओल्या लाकडाला कुऱ्हाडीने पैलू पाडले आणि जुन्यासारखं छप्पर पुन्हा बसवलं, ते या मोजमापामुळे जमलं. फ्रोमों स्वतः त्या कामात होते.

हे वाचताना मला माझा एक वाडा आठवतो. पेठेतला, दोन चौकांचा, सागवानी. मालकांना मी दोनदा म्हटलं होतं, दुरुस्ती राहू दे, आधी मोजून तर घेऊ. पुढच्या दिवाळीनंतर, असं ठरलं. त्याआधीच वायरिंग पेटलं. राहिलं ते दगडी जोतं आणि माझ्या फोनमधले सात फोटो. सातातल्या एकात खांबाच्या डोक्यावरची केळफुलं स्पष्ट दिसतात, बाकी सगळे उजेडाविरुद्ध काढलेले. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत गेला आणि आत काय होतं ते आपण अजून अंदाजाने सांगतो. तुमचा जुना वाडा असेल, आजोळ असेल, तर या रविवारी टेप घेऊन जा. कागदावर वेडंवाकडं उतरवलंत तरी चालेल.

महाबळेश्वरजवळून

आमचा मधाचा धंदा. त्या चर्चच्या एका बाजूच्या खालच्या छपरावर तीन पेट्या होत्या आणि त्यातल्या जवळजवळ पावणेदोन लाख माश्या जगल्या, हे वाचून मुलाने मला उठवून सांगितलं. आम्ही सातेरी माश्यांच्या पेट्या बघताना धूर देतोच. धूर लागला की माशी चावायचं सोडून पोळ्यातला मध पोटभर पिते आणि सुस्त होते. धुराने ती आपल्यासारखी गुदमरत नाही. भीती उष्णतेची, साठ-पासष्ट अंशांना मेण वितळलं की पोळं माश्यांवरच ओघळतं. पेट्या आगीपासून खाली होत्या म्हणून वाचल्या. फोटोत पेटीच्या तोंडाशी माश्या येताना-जाताना दिसल्या. वर सगळं काळंठिक्कर. मी तो फोटो अजून ठेवलाय.

बीडहून, जिल्हा परिषद शिक्षक

राग चालेल म्हणालात म्हणून लिहितो. १८ तारखेला आमच्याकडे लोकसभेचं मतदान होतं, मी निवडणूक ड्यूटीवर. दुष्काळाचं साल. गावात टँकर, गुरं चारा छावणीत, माझ्या वर्गातली चार मुलं आईबापाबरोबर छावणीतच राहायला गेलेली. अशात बातमी, एका चर्चसाठी दोन दिवसांत कोट्यवधी युरो जमले. एकेका उद्योगपतीने दहा-वीस कोटी युरो. मोबाइल खिशात घातला आणि बराच वेळ कुणाशी बोललो नाही. तिकडेही पिवळी जाकिटं घालून रस्त्यावर उतरलेले लोक हेच विचारत होते, की आमच्यासाठी पैसा नव्हता, मग हा आला कुठून?

पुढे वाचलं की देणारे सुमारे ३ लाख ४० हजार होते, दीडशे देशांतले. म्हणजे बहुतेक साधीच माणसं. आणि अमेरिकेत लुइझियानात तेव्हा नुकतीच तीन कृष्णवर्णीयांची चर्चेस कोणीतरी जाळली होती; नोत्र दाम पेटल्यावर लोकांना त्यांची आठवण झाली आणि त्यांच्याकडेही मदतीचा ओघ सुरू झाला. हे चांगलंच झालं. पण त्या चार मुलांचं वर्ष गेलं ते गेलं. वास्तूवर माझा राग नाही. पाणी आटतं तेव्हा ज्वाळा दिसत नाहीत, म्हणून कोणी टीव्ही लावत नाही, त्याचा आहे.

गोव्याहून

आमच्या जुन्या गोव्याच्या सी कॅथेड्रलला एकच बुरूज आहे. दुसरा १७७६ मध्ये पडला, तो पुन्हा बांधलाच नाही. लहानपणापासून तसंच पाहिल्यामुळे दोन बुरुजांचं चित्र दिसलं तर मलाच ते परकं वाटतं. नोत्र दामचंही असं काही होईल, पुढची पिढी बिनमनोऱ्याचंच बघून वाढेल, असं त्या रात्री वाटून गेलं.

धागा काढणारी, पुन्हा

एक राहिलं. मनोऱ्याभोवतीचे तांब्याचे सोळा पुतळे दुरुस्तीसाठी आगीच्या चारच दिवस आधी क्रेनने उतरवले होते. आणि टोकावरचा तांब्याचा कोंबडा दुसऱ्या दिवशी ढिगाऱ्यात सापडला, चेपलेला, पण अख्खा. हे सांगितल्यावर वर्गातल्या एका मुलीने टाळी वाजवली होती.

रत्नागिरी जिल्ह्यातून

आमच्या ग्रामदेवतेचं देऊळ मी आठवीत असताना जळलं. शिमगा होऊन गेलेला, वणवा काजूच्या बागेतून चढत आला. कौलारू देऊळ, सागाचे खांब. पोरांनी पालखी आणि देवीची रूपं बाहेर काढली. मग विहिरीपासून हंड्या-कळशांची रांग, पण कौलं तडतड फुटायला लागल्यावर जवळ जाववेना. तेव्हा गुरवकाकांनी तिथेच, आगीकडे तोंड करून गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली आणि सगळा गाव "व्हय म्हाराजा" म्हणत राहिला. एकही पाऊल मागे नाही. पॅरिसला लोक रस्त्यावर गुडघे टेकून गाताना दिसले ना, मला तेच ऐकू आलं.

वर्गणी काढून नवं देऊळ झालं, स्लॅबचं. बळकट आहे, तक्रार नाही. पण तीन-चार वर्षं पहिला पाऊस पडला की जुन्या जोत्यातून जळका वास यायचा. आई म्हणायची, देवी आठवण काढते. पॅरिसच्या ताई, तुम्ही आत जाऊन आला असाल तर एवढंच सांगा, तिथे वास येतो का?

पॅरिसहून

दादा, ७ डिसेंबरला उघडलं त्या संध्याकाळी मी बाहेरच होते. वारा आणि पाऊस. आर्चबिशपांनी दारावर ज्या दंडाने ठोकलं तो आगीतून वाचलेल्या तुळईचा केलेला आहे. आत बंबवाले आले तेव्हा टाळ्या थांबता थांबेनात, ते आम्ही पडद्यावर पाहिलं.

मला आत जायला जानेवारी उजाडला. तुमच्यासारखंच माझ्याही मनात होतं, म्हणून दारातून शिरल्या शिरल्या मुद्दाम खोल श्वास घेतला. भिंतींवर रबराच्या चिकाचा लेप देऊन तो सोलून काढला होता. त्याबरोबर शिसं, काजळी, आधीच्या कित्येक वर्षांची धूळ सगळी निघाली. दगड आता इतका उजळ आहे की मला आधी ओळखूच आला नाही. आगीचा वास कुठेच नव्हता. एका खांबाला नाक लावूनही पाहिलं. वास होता तो मेणबत्त्यांचा आणि पावसात भिजून आलेल्या माणसांच्या लोकरी कोटांचा.