जॉन बुलला राग येतो, मग भारतमातेला का येत नाही?

गोदाकाठ (नांदेड)

17 सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाच्या प्रभातफेरीत भाचीच्या शाळेची ट्रॉली होती. ट्रॉलीवर आठवीतली एक पोरगी भारतमाता होऊन उभी. हातात झेंडा, डोक्याला सोनेरी कागदाचा मुकुट. खालून बाई सारख्या सांगत होत्या, "हलू नको. हसू नको." शेजारी गांधीजी आणि स्वामी रामानंद तीर्थ झालेली पोरं खुशाल गप्पा मारत होती. नेहरू चिक्की खात होते. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. या भारतमातेचा स्वभाव काय? तिला काय आवडतं, कशाची चीड येते, कुठं चुकते? काहीच सांगता येईना.

आता इंग्लंडचा जॉन बुल घ्या. आपली जशी भारतमाता, तसा हा म्हणजे अख्खा इंग्लंड देश. 1712 साली राणी ॲनचा वैद्य जॉन आर्बथनॉट यानं हे पात्र लिहिलं. स्पेनच्या गादीवरून तेव्हा युरोपात लढाई पेटली होती, ती अख्खी लढाई या डॉक्टरानं एका कोर्टकेसमध्ये बसवली. जॉन बुल कापडाचा व्यापारी. त्याचा जोडीदार निक फ्रॉग म्हणजे हॉलंड, तोही कापडवालाच. स्पेनचा नवा राजा म्हणजे लॉर्ड स्ट्रट. त्याची गिऱ्हाइकी आता फ्रान्सचा लुई बबून पळवणार, या भीतीनं दोघं मिळून दावा लावतात. (फ्रॉग म्हणजे बेडूक, बबून म्हणजे वानर... शेजाऱ्यांना नावं ठेवण्यात डॉक्टर आपल्या पारावरच्या मंडळींना हार जात नाही.) वकील हम्फ्री होकस म्हणजे सेनापती मार्लबरो. तारखा पडत राहतात, फी वाढत राहते आणि खर्चाचा मोठा वाटा बुलच्याच गल्ल्यातून जातो. मधे त्याला कोर्टाची अशी चटक लागते की दुकान गुंडाळून स्वतःच वकील व्हायचं त्याच्या मनात येतं! परभणीच्या मोंढ्यात असा एक माणूस दाखव म्हणाल तर मी तीन दाखवीन. तिघांचीही केस बांधाचीच आहे.

बुलचा स्वभाव त्या डॉक्टरानं नीट लिहून ठेवलाय. सरळ, तापट, धीट, पण मन एका जागी ठरत नाही. हवा बदलली की तब्येत बदलते. खाऊ-पिऊ घालायला हात सढळ, पण वही उघडून बघायचा कंटाळा, म्हणून भागीदारापासून नोकरापर्यंत सगळे त्याला गंडवतात.

माझं म्हणणं असं की ज्याला खोड आहे त्याच्याशी भांडता येतं. "बुलशेठ, वही बघा" असं इंग्रज माणूस आपल्या देशाला म्हणू शकतो. आपल्या मातेला खोडच ठेवलेली नाही. मग तिच्याशी बोलायचं काय? पायाच पडायचं. आणि ती बोलत नाही म्हटल्यावर तिच्या वतीनं जो तो बोलतो.

निवृत्त मास्तर (अंबाजोगाई)

मुद्दा वाचनीय, पण पटला नाही. एक ट्रॉली पाहून तुम्ही सव्वाशे वर्षांच्या कल्पनेवर निकाल दिलात.

अवनींद्रनाथ ठाकुरांचं 1905 सालचं चित्र पाहा. वंगभंगाच्या दिवसांतलं. भगव्या वस्त्रातली साधी बाई, चार हात, आणि एकाही हातात शस्त्र नाही. भाताच्या लोंब्या, पांढरं वस्त्र, पोथी, जपमाळ. अन्न, वस्त्र, विद्या, साधना. हा स्वभाव नाही तर काय? ही देणारी बाई आहे. सिंह, त्रिशूळ, झेंडा हे सगळं नंतर आलं. कॅलेंडरवाल्यांनी आणलं म्हणा हवं तर.

राग येत नाही म्हणता? बंकिमचंद्रांच्या 'आनंदमठा'त, म्हणजे 1882 मध्ये, मातेची तीन रूपं दाखवलीत. होती ती जगद्धात्री, आज आहे ती काली, पुढं होईल ती दुर्गा. काली का? तर सगळं लुटलं गेलंय म्हणून काळी आणि उघडी. एवढा राग तुमच्या कापडवाल्याला उभ्या जन्मात आला नसेल.

आणि आपल्या भागात राहून 1938 विसरायचं नसतं. निजामाच्या राज्यात उस्मानिया विद्यापीठात आणि औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजात वंदे मातरम् म्हणायला मनाई झाली. पोरांनी ऐकलं नाही. त्यांना काढून टाकलं, तेव्हा बरीच पोरं शिकायला नागपूरला गेली. पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच. त्या पोरांना आईचा स्वभाव माहीत नव्हता असं तुम्हाला म्हणायचंय काय?

जिंतूरकर

मास्तर बराबर बोलायलेत, पण मी दुसऱ्याच कारणानं गोदाकाठ भाऊंच्या विरोधात हाय.

खोड ठेवा म्हणायलात. ठेवायची कुणी? 1857 च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या 'पंच' या विनोदी साप्ताहिकात टेनिएल नावाच्या चित्रकाराचं चित्र आलं. इंग्रजांचा सिंह बंगालच्या वाघावर झडप घालायलाय, अन् वाघाखाली एक बाई अन् लेकरू पडलेलं. म्हंजे तिकडं भारत म्हणजे माणूससुद्धा नाही, जनावर. ही झाली त्यांनी आपल्याला दिलेली खोड. बुलशेठला सोताची थट्टा परवडते, कारण गल्ला भरलेला हाय अन् अर्ध्या जगात दुकानं टाकलेली हायेत. ज्याच्या घरावर जप्ती आलीय त्यानं आपल्या आईची नक्कल करून लोकं हसवावीत व्हय? आजारी आईचा फोटो काढतानी बी आपण पदर नीट करतो.

तुरीची आमटी (छ. संभाजीनगर)

काका लोकहो, तुम्ही सगळे जुन्या जमान्यात. आमच्या होस्टेलवर याच विषयावर पहाटेपर्यंत वाद झालाय, पण जपानी कॉमिकवरून. 'हेतालिया' नावाचं. त्यात बहुतेक देश म्हणजे एकेक तरुण पोरगा. इटली पास्ता खाणारा, रडका, युद्ध दिसलं की पांढरं निशाण काढणारा. जर्मनी शिस्तीचा, त्याला इटलीचा वैताग येतो पण सोडवतही नाही. जपान अबोल. नावातच गंमत आहे, 'हेतारे' म्हणजे नेभळट आणि त्याला जोडलं इटालिया.

मला इटली आवडतो. घाबरतो तरी मैत्री सोडत नाही. पण जिंतूरकर काकांचा मुद्दा इथं बरोबर बसतो. 2009 मध्ये कोरियातल्या लोकांनी कोरियाच्या पात्रावर हरकत घेतली आणि जपानमधल्या वाहिनीनं ती मालिका टीव्हीवर दाखवायचंच रद्द केलं. जपाननं कोरियावर 1910 ते 1945 राज्य केलं. मग जपानी चित्रकार कोरियाला विनोदी पोरगा करतो तेव्हा कोरियन माणसाला ती थट्टा वाटत नाही, जुनी सवय वाटते. इटलीला तसं काही दुखलं नाही.

म्हणजे माझं मत? खोड हवी, पण घरच्यानं काढलेली.

गोदाकाठ (नांदेड)

आमटी, तुझं वाक्य चोरतो. मी घरच्या खोडीबद्दलच बोलत होतो. जर्मन लोकांचा मिशेल बघा. डोक्याला झोपेची टोपी घातलेला भोळा गडी. बाहेरच्यांनी नाही, जर्मन व्यंगचित्रकारांनीच तो रंगवला, "उठ रे बाबा, जग कुठं गेलं" म्हणून.

जिंतूरकर भाऊ, जप्तीचा मुद्दा खरा. 1905 ला खरा, 1938 ला खरा. पण जप्ती उठून किती वर्षं झाली? अजून पदरच नीट करत बसलोय.

मास्तर, चित्र मान्य. त्या चित्रातल्या बाईशी मला बोलावंसं वाटतं. ट्रॉलीवरची तीच का, एवढंच विचारतोय.

काळा कोट (लातूर)

वकील आहे, म्हणून हम्फ्री होकसच्या बाजूनं बोलते. फी घेतली, केस चालवली, अशिलानं वही बघितली नाही हा वकिलाचा दोष नाही!

आता गंभीरपणे. गोदाकाठ सरांनी बुलची गोष्ट अर्धीच सांगितली. त्यात त्याची एक बहीण आहे, पेग. म्हणजे स्कॉटलंड. भाऊ खाऊन-पिऊन टुमटुमीत, ही उपाशी-अर्धपोटी वाढलेली. अशी बहीण सुचली कुणाला? आर्बथनॉट स्वतः स्कॉटिश. इंग्लंड-स्कॉटलंड एक होऊन तेव्हा पाचच वर्षं झाली होती. म्हणजे इंग्लंडच्या स्वभावाचा दाखला लिहिला तो पेगच्या माहेरच्या माणसानं. 'घरचा' म्हणजे नेमका कोण, हे ठरवणं इतकं सोपं नाही.

पेग वाचताना मला आपलाच भाग दिसला. मराठवाडा 1956 ला द्विभाषिक मुंबई राज्यात आला तो अटी न घालता. अजून सभांमधून अभिमानानं सांगतात, "आम्ही बिनशर्त आलो." मग 1984 ला दांडेकर समितीनं अनुशेष, म्हणजे विकासाची राहिलेली बाकी, मोजून दिला, 1994 ला वैधानिक विकास मंडळ आलं. काहीही न मागता नांदायला आलेली आणि मग वर्षानुवर्षं पोटगीचा हिशेब सांगत बसलेली बाई. माझ्याकडे आठवड्याला एक तरी अशी अशील येते. मराठवाड्याचं पात्र मला डोळ्यांसमोर आणता येतं, स्वभावासकट. भारतमातेचं येत नाही. तेव्हा माझं मत गोदाकाठ सरांना.

निवृत्त मास्तर (अंबाजोगाई)

वकीलबाई, मराठवाड्याला सोडून दिलेली बायको करू नका. आम्ही निजामाशी लढून आलोत. बिनशर्त येणं हा मोठेपणा होता, बावळटपणा नव्हता.

काळा कोट (लातूर)

सर, मोठेपणा होताच. मोठेपणा केलेल्या बाईलाच पुढं कोर्टात यावं लागतं, हा माझा वीस वर्षांचा अनुभव.

देवगिरीचा पाहुणा (कन्नड)

वाद चालू द्या, एक जागा सांगतो. दौलताबादच्या किल्ल्यात भारतमाता मंदिर आहे. मूळ वास्तू मशीद, 1318 च्या सुमाराची, कुतबुद्दीन मुबारकशहा खिलजीच्या काळातली. आत जुन्या देवळांचे खांब रांगेनं उभे. हैदराबाद संस्थान भारतात आल्यावर तिथं भारतमातेची मूर्ती बसवली. पुढचं अंगण एवढं मोठं की मूर्तीपर्यंत चालत जाताना माणूस आपोआप गप्प होतो.

मी तिच्यासमोर दोनदा उभा राहिलोय. स्वभाव कळला नाही. पण त्या जागेचं वय, ते खांब कुणाचे, मेहराब कुणाची, हे सगळं मनात आलं. उलट काशीच्या भारतमाता मंदिरात मूर्तीच नाही. संगमरवरात कोरलेला देशाचा उठावाचा नकाशा आहे, 1936 ला गांधीजींच्या हस्ते उघडलेलं. डोंगर, नद्या, पठार. स्वभाव द्यायचाच नाही, जमीन बघा म्हणायचं, हाही एक मार्ग. मला तोच बरा वाटतो.

तुरीची आमटी (छ. संभाजीनगर)

नकाशाशी भांडता येत नाही ना पण! आणि चेहरा दिला की कुणाचा तरी द्यावा लागतोच. अमेरिकेचा अंकल सॅम, त्याचं ते बोट रोखलेलं पोस्टर, पहिल्या महायुद्धातलं, त्यात चित्रकार फ्लॅगनं स्वतःचाच चेहरा वापरला. मारियान म्हणजे फ्रान्सची भारतमाताच, तिला 1960 च्या दशकाच्या शेवटी ब्रिजित बार्दो या नटीचं तोंड दिलं, आणि ते पुतळे नगरपालिकांमध्ये बसले. आपण हे केलं तर काय होईल, विचार करा. दोन दिवस नेट बंद.

जिंतूरकर

दोन दिवसात भागतंय व्हय.

पुठ्ठ्याचा मुकुट (सेलू)

मी सहसा इथं लिहीत नाही. पण मी सातवीत भारतमाता झाले होते, म्हणून.

निवड कशी झाली ते सांगते. बाईंनी वर्गावर नजर फिरवली आणि मला उभं केलं. मी गोरी आणि उंच होते. वर्गात भाषण सगळ्यात भारी करायची ती माझी मैत्रीण, पण ती सावळी. तिला ट्रॉलीच्या मागं घोषणा द्यायला ठेवलं. तिचा आवाज फार मोठा होता. "भारतमाता की" ती म्हणायची, आणि "जय" सगळे माझ्याकडं बघून म्हणायचे. तेव्हा मला छान वाटलं होतं. आता ती भेटली की हा विषय आम्ही दोघीही काढत नाही.

दीड तास उभी होते. पायाशी सिंह होता, पाचवीतला एक पोरगा, पिवळं ब्लँकेट पांघरलेला. ऊन चटकायला लागलं. समोर हापशी दिसत होती, आणि मला सांगितलेलं होतं की मान वळवायची नाही. एका चौकात गर्दीतून एक म्हातारी पुढं आली आणि तिनं खरोखर माझ्या पायांना हात लावला. मी दचकून मागं सरकले, मुकुट खाली पडला. म्हातारीनं तो उचलून दिला आणि सरांवर ओरडली, "आरं, लेकराला किती येळ उन्हात उभं केलंय? पाणी तरी द्या की तिला." पाया पडली तीच, पाणी मागितलं तेही तिनंच. त्या दीड तासात दुसऱ्या कुणाला सुचलं नव्हतं.

निवृत्त मास्तर (अंबाजोगाई)

ताई, अशा किती तरी ट्रॉल्या मी स्वतः काढल्यात. तीस वर्षं. मुलगी निवडताना मी काय बघायचो ते आठवतोय. उत्तर चांगलं येत नाही.

जिंतूरकर

ताई, त्या सिंहाचं काय झालं मग?

पुठ्ठ्याचा मुकुट (सेलू)

म्हातारी ओरडत होती तेवढ्यात ब्लँकेट टाकून हापशीवर गेला. माझ्या आधी पाणी पिऊन आला.